लाइव्हमधला फिल्टर निर्जीव वाटतो, मग कोणता प्लगइन घ्यावा?

प्रश्न कोल्हापूरच्या एका तरुण निर्मात्याचा आहे. तो एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर अ‍ॅसिड टेक्नो, म्हणजे किंचाळत्या बेसलाइनचं नृत्यसंगीत, करतो. ट्रॅकमध्ये फिल्टर, म्हणजे आवाजातला वरचा किंवा खालचा भाग कापणारं साधन, तीन ठिकाणी लागतो: रोलंडच्या ३०३ या बेस सिंथच्या धर्तीची बेसलाइन, स्वतः रेकॉर्ड केलेला हलगीचा लूप, आणि ड्रॉपच्या, म्हणजे ठेका पूर्ण जोराने परत येतो त्या क्षणाच्या, आधी सगळा मिक्स हळूहळू पातळ करत नेणारा बिल्ड-अप. लाइव्हचा ऑटो फिल्टर त्याला निर्जीव वाटतो. पैसे एकाच प्लगइनपुरते, म्हणजे लाइव्हला बाहेरून जोडायच्या एका साधनापुरते, आहेत. मूग सिंथच्या जातीचा लॅडर (एकापाठोपाठ टप्प्यांचा फिल्टर) घ्यावा, फॅबफिल्टरचा व्होल्कॅनो घ्यावा, की साउंडटॉइजचा फिल्टरफ्रीक?

तुमची तीन कामं ही तीन वेगळ्या फिल्टरांची कामं आहेत. त्यातल्या दोन कामांना विकतचा फिल्टर लागतच नाही, आणि ज्या एका कामासाठी फिल्टरवर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे ते बहुतेक तुम्हाला वाटतंय ते नाही. म्हणून खरेदी जरा थांबवा आणि हे वाचा.

आत येणारा सिग्नल कमी पातळीचा, रेझोनन्स (कटऑफपाशी आवाज उचलून धरणं) शून्य आणि कटऑफ (जिथून कापणं सुरू होतं ती जागा) स्थिर असेल तर ऑक्टेव्हला २४ डेसिबल कापणारा एक लो-पास, म्हणजे खालचा भाग जाऊ देणारा, फिल्टर दुसऱ्यासारखाच ऐकू येतो. महागडा आणि फुकटचा यांत तिथे निवड करता येत नाही. फिल्टरची जात कळते ती रेझोनन्स चढवल्यावर, आत सिग्नल जोराने ढकलल्यावर आणि कटऑफ वेगाने हलवल्यावर. प्लगइनच्या पानावरचे सुंदर आलेख यातलं काहीच दाखवत नाहीत. ते आलेख शांत, न हलणाऱ्या फिल्टरचे असतात.

तुमचा ऑटो फिल्टर निर्जीव का वाटतो, याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. बहुतेकांचा ऑटो फिल्टर क्लीन सर्किटवर राहिलेला असतो. क्लीन म्हणजे सरळ हिशेबाचा फिल्टर: आत दुप्पट घाला, बाहेर तेच दुप्पट. सिग्नल जोरात आला म्हणून तो दबत नाही, खरखरत नाही, रेझोनन्सचा आकार बदलत नाही. सफाईच्या कामाला हा गुण आहे, बेसलाइनला मात्र तोच अवगुण. पण २०१५ साली आलेल्या लाइव्ह ९.५ पासून याच डिव्हाइसमध्ये सायटॉमिकसोबत केलेली अ‍ॅनालॉग सर्किटांची मॉडेल्स आहेत. सायटॉमिक म्हणजे अँड्र्यू सिंपर यांची कंपनी. द ड्रॉप हा वेगळा विकत मिळणारा फिल्टर त्यांचाच. म्हणजे ज्या घराण्याचं काम लोक पैसे मोजून घेतात, त्यातलं बरंच तुमच्या लाइव्हमध्ये आधीपासून आहे. आवृत्तीप्रमाणे यादी थोडी बदलते, पण पीआरडी आणि एमएस२ ही नावं शोधा. पीआरडी हा अमेरिकी मोनोसिंथच्या वळणाचा लॅडर आहे, त्यात रेझोनन्सला वेगळा लगाम नाही. एमएस२ जपानी सेमी-मॉड्युलर सिंथच्या वळणाचा, सॅलन-की नावाच्या सर्किट रचनेचा. त्यात रेझोनन्स सॉफ्ट क्लिपिंगने, म्हणजे शिखरं हळुवार दाबून, आवरला जातो, त्यामुळे तो चढला की किंचाळतो, पण फुटत नाही. यातलं एक निवडा, ड्राइव्ह (आत सिग्नल ढकलायचा जोर) चढवा, आणि मग निर्जीव वाटतो का ते सांगा.

आता लॅडरबद्दल थोडं खोलात जातो, कारण ‘मूगसारखा फिल्टर घ्यावा का’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर सर्किटमध्येच आहे. रॉबर्ट मूग यांना या फिल्टरचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. एकापाठोपाठ चार टप्पे, प्रत्येक टप्पा ऑक्टेव्हला ६ डेसिबल, एकूण २४. कटऑफच्या ठिकाणी प्रत्येक टप्पा सिग्नल ३ डेसिबलने खाली आणतो आणि फेज, म्हणजे लाटेचं वेळेतलं स्थान, ४५ अंशांनी मागे नेतो. चार टप्प्यांचे मिळून १२ डेसिबल आणि १८० अंश. रेझोनन्ससाठी बाहेर आलेला सिग्नल उलटा करून पुन्हा आत सोडतात. कटऑफच्या ठिकाणी तो आधीच १८० अंश फिरलेला असल्यामुळे उलटा केला की मूळ सिग्नलशी जुळतो आणि त्याला उचलतो. हा परत सोडलेला भाग चौपट झाला की १२ डेसिबलची तूट भरून निघते आणि फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो.

पण कटऑफच्या बऱ्याच खाली, म्हणजे बेसच्या मूळ स्वरापाशी, फेज फिरलेलाच नसतो. तिथे परत आलेला उलटा सिग्नल मूळ सिग्नलला खोडतो. चौपट फीडबॅकला तिथली पातळी एक पंचमांशावर येते, म्हणजे साधारण १४ डेसिबल खाली. लॅडरवर रेझोनन्स चढवला की बेसचं पोट रिकामं होतं ते यामुळे. हा बिघाड नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. काही प्लगइन ही तूट आपोआप भरून काढतात, काही मूळ यंत्राशी इमान राखून तशीच ठेवतात, काहींत त्यासाठी वेगळा नॉब असतो. ४० ते ६० हर्ट्झच्या बेसवर रेझोनन्ससकट लॅडर वापरायचा असेल तर विकत घेण्याआधी एवढं एक तपासा. खाली सब-बेसचा वेगळा, फिल्टर न केलेला ट्रॅक ठेवत असाल तर ही तूट उलट सोयीची ठरते: वरचा थर आपणहून जागा सोडतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी ऐकून अनेक जण बुचकळ्यात पडतात. फिल्टर प्लगइनचा मिक्स नॉब, म्हणजे कोरा आणि फिल्टर केलेला सिग्नल मिसळणारा नॉब, ५० टक्क्यांवर ठेवला की कधी कधी रेझोनन्सचा शिखरबिंदूच गायब होतो. कारण लॅडरमधून आलेला सिग्नल कटऑफच्या ठिकाणी कोऱ्या सिग्नलच्या बरोबर उलट असतो. फीडबॅक शिट्टीच्या मर्यादेच्या तीन चतुर्थांश असताना त्या ठिकाणी दोघांची पातळी सारखी होते आणि ते एकमेकांना पुरते खोडतात. शिखराच्या जागी खड्डा पडतो. तो खड्डा फिरवला तर फेजरसारखा सुरेख आवाज मिळतो, मी मुद्दाम वापरतो. पण ‘थोडासाच फिल्टर हवा’ म्हणून मिक्स नॉब खाली आणणार असाल तर हे होणार हे धरून चला. त्याऐवजी १२ डेसिबलचा उतार घ्या किंवा कटऑफ वर ठेवा.

बेसलाइनकडे वळू. रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये आलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्रावर, जोडीला टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन, राग वाजवून ठेवले. शिकागोतून अ‍ॅसिड हाउसची लाट १९८७ मध्ये उठली, म्हणजे बरीच नंतर. हे इथे आणायचं कारण नुसता अभिमान नाही. ते काम ऐकलं की कळतं की ३०३ चा आवाज फक्त फिल्टरचा नाही. स्वरांमधली ती घसरण, जी आपल्या कानाला मींडेच्या जवळची वाटते, ती स्लाइडची. आणि मधूनच एखादा स्वर जो उसळी मारतो तो अ‍ॅक्सेंटचा.

३०३ चा फिल्टर डायोडांचा लॅडर आहे. मूगच्या ट्रान्झिस्टर लॅडरपेक्षा वेगळा, कारण त्याचे टप्पे एकमेकांपासून नीट अलग नाहीत, एकमेकांवर ओझं टाकतात. चार कपॅसिटरांपैकी एक बाकीच्यांच्या साधारण निम्म्या मूल्याचा. म्हणून त्याचा उतार १८ डेसिबलचा की २४ चा यावर अजून वाद चालतात. तुमच्या दृष्टीने मात्र अ‍ॅक्सेंट जास्त महत्त्वाचा आहे. अ‍ॅक्सेंटच्या स्वरावर फिल्टरच्या एन्व्हलपचा, म्हणजे स्वराबरोबर कटऑफ उघडून मिटवणाऱ्या आकाराचा, डीके (उतरायचा वेळ) अगदी आखूड होतो, कटऑफला वेगळा धक्का मिळतो, आणि त्या धक्क्याचं वळण रेझोनन्सच्या नॉबशी जोडलेलं आहे. लागोपाठ अ‍ॅक्सेंट आले तर आधीच्या धक्क्याचा विद्युतभार पूर्ण उतरायच्या आत पुढचा येतो, म्हणून प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा जरा वर चढतो. अ‍ॅसिडची ती फुगत जाणारी हाक इथून येते.

हे सगळं ट्रॅकवर नंतर टाकलेल्या फिल्टर प्लगइनला कसं कळणार? त्याला स्वर कुठे सुरू झाला हे माहीत नाही, अ‍ॅक्सेंट कशावर आहे हे माहीत नाही, त्याच्याकडे फक्त तयार आवाज येतो. म्हणून सिंथच्या सॉ वेव्हवर, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लाटेवर, जगातला सर्वोत्तम डायोड लॅडर लावलात तरी ३०३ होणार नाही. या कामासाठी फिल्टर घेऊच नका. ३०३ चं पूर्ण रूप असलेला सिंथ वापरा. डी१६ चा फॉस्कियॉन, ऑडिओरिअ‍ॅलिझमचा बेस लाइन ही या कामातली जुनी, विश्वासाची नावं आहेत. आणि त्याच्यापुढे चांगलं डिस्टॉर्शन लावा. डिस्टॉर्शन फिल्टरच्या आधी नाही, नंतर: आधी लावलं तर फिल्टर ते मऊ करून टाकतो, नंतर लावलं तर रेझोनन्सची शिट्टीच चिरफाळते, आणि तोच आवाज तुम्हाला हवा आहे.

सायट्रान्सकडे वळायचा विचार असेल तर हाच नियम आणखी कडक होतो. गोव्याच्या पार्ट्यांत घडलेल्या या शैलीत १४५ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १४५ ठोक्यांना, एक सोळांश (ठोक्याचा चौथा भाग) साधारण १०३ मिलिसेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात बेसचा फिल्टर उघडून मिटायला हवा. कटऑफ हलताना करकर येऊ नये म्हणून बऱ्याच प्लगइनमध्ये त्याची हालचाल मुद्दाम गुळगुळीत केलेली असते. हा गुळगुळीतपणा १०-२० मिलिसेकंदांचा असला तरी इतक्या आखूड एन्व्हलपची धार बोथट होते. तिथे सिंथचा स्वतःचा, प्रत्येक स्वराला नव्याने सुरू होणारा फिल्टरच हवा.

हलगीच्या लूपचं काम मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात आवडलं, आणि बाहेरचा फिल्टर प्लगइन खरा कामी येतो तो इथे. हलगीचा आवाज दोन थरांचा आहे: जाड काठीचा ठोका आणि बारीक काडीचा कडकडाट. शेकवून ताणलेल्या चामड्यामुळे तो कडकडाट इतका धारदार असतो की टेक्नोच्या हाय-हॅटशी त्याची सरळ टक्कर होते. लो-पास लावून ती धार कापली तर हलगी उरतच नाही, कुठलाही ढोल वाटायला लागतो. याला १२ डेसिबलचा बँड-पास, म्हणजे फक्त मधला पट्टा ठेवणारा फिल्टर, लावा, आणि त्याचा कटऑफ लूपनेच हलू द्या.

म्हणजे एन्व्हलप फॉलोअर वापरा. ठोका जोरात आला की बँड वर सरकतो, आवाज विरला की खाली येतो. अटॅक अगदी आखूड ठेवा, काही मिलिसेकंदच, नाहीतर काडीचा कडकडाट निघून गेल्यावर फिल्टर जागा होईल. रिलीज लूपच्या चालीशी जुळवा: पुढचा ठोका येण्याआधी बँड अर्धा तरी खाली उतरला पाहिजे, तरच ठोक्याठोक्यात फरक ऐकू येतो. वादक प्रत्येक ठोका वेगळ्या जोराने मारतो, आणि फॉलोअर तो फरक स्वराच्या रंगात उतरवतो. एलएफओ लावला तर हे होत नाही. तो ठरलेल्या चालीने फिरत राहतो आणि वादकाच्या हाताकडे लक्ष देत नाही. या कामाला १९७४ च्या ओबरहाइम एसईएमच्या वळणाचा स्टेट-व्हेरिएबल फिल्टर फार छान बसतो. दोन पोलांचा, म्हणजे दोनच टप्प्यांचा आहे, रेझोनन्स चढवला तरी शिट्टीवर जात नाही, आणि बँड-पासला दोन्ही बाजूंचा उतार ६ डेसिबलचाच असल्यामुळे वाद्याचं अंग टिकून राहतं.

हे ऑटो फिल्टरमध्ये करता येतं. त्यात फॉलोअर आहे, साइडचेन (दुसऱ्या ट्रॅकच्या आवाजाने फिल्टर हलवायची सोय) आहे, एलएफओ आहे. अडचण येते ती दुसऱ्या पायरीवर: फॉलोअरने कटऑफ हलवायचा, त्याच वेळी रेझोनन्स उलट दिशेने न्यायचा, डावा-उजवा कटऑफ जरा वेगळा ठेवायचा, आणि ठरावीक मात्रेला वेगळा आकार द्यायचा. लाइव्हमध्ये दोन-तीन डिव्हाइस रॅकमध्ये जोडून हे जमतं, पण हात अडखळतो आणि कल्पना थंड होते. व्होल्कॅनोचं मोल इथे आहे. त्यात चार फिल्टर आहेत, आणि एलएफओ, एन्व्हलप, फॉलोअर, मिडी यांतलं काहीही ओढून कुठल्याही नॉबवर सोडता येतं. फिल्टरफ्रीकचा कल वेगळा आहे: त्यात मॉड्युलेशनचे, म्हणजे नॉब आपोआप हलवायचे, मोजके प्रकार, पण ठेक्याचे आकार पटकन काढता येतात आणि आतलं सॅच्युरेशन दाट आहे. हलगीसारख्या वाद्यावर तो लगेच उष्ण, जवळचा आवाज देतो. तुमचं काम बारीक हालचालीचं असेल तर व्होल्कॅनो, ठेका आणि खरखर हवी असेल तर फिल्टरफ्रीक. मी तुमच्या जागी व्होल्कॅनो घेईन, कारण खरखर लाइव्हच्या इतर डिव्हाइसमधूनही आणता येते, ती हालचाल तितक्या सहज येत नाही.

फुकटात बघायचं असेल तर टाल-फिल्टर-२ नक्की घ्या. ठेक्याला बांधलेली वक्ररेषा स्वतः काढून कटऑफ, आवाज किंवा पॅन तिच्यावर फिरवता येतो. किलोहार्ट्सच्या फुकट संचातला कॉम्ब फिल्टरही हलगीवर लावून पाहा, तिला धातूचा नाद येतो.

बिल्ड-अपसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही, इथे क्लीन सर्किटच योग्य. १२ डेसिबलचा हाय-पास, म्हणजे वरचा भाग जाऊ देणारा फिल्टर, रेझोनन्स जवळपास शून्य. रेझोनन्स ठेवलात तर कटऑफ किकच्या मूळ स्वरावरून, म्हणजे ५०-६० हर्ट्झवरून जाताना तिथे मोठी उसळी येते आणि लिमिटर, म्हणजे पातळीला वरची मर्यादा घालणारं साधन, मिक्स दाबून टाकतो. दुसरं, कटऑफ २० हर्ट्झवर आणून ठेवला म्हणजे फिल्टर ‘बंद’ झाला असं नाही. हाय-पास तिथे असताना ५० हर्ट्झलाही फेज फिरलेला राहतो, उतार जितका तीव्र तितका जास्त, आणि ड्रॉपला किकचा धक्का मऊ पडतो. ड्रॉपच्या क्षणी डिव्हाइस पूर्ण बायपास करा. फेज न फिरवणाऱ्या लिनिअर फेज ईक्यूने हे सुटेल असं वाटेल, पण तिथे किकच्या आधीच एक पुसट चाहूल ऐकू येते आणि लेटन्सी, म्हणजे आवाज बाहेर यायला लागणारा उशीर, वाढते. सरकत्या फिल्टरला तो वापरू नये.

डेमो घेतल्यावर काय ऐकायचं ते सांगतो. फॅबफिल्टर आणि साउंडटॉइज दोघेही ३० दिवस पूर्ण चालणारा डेमो देतात, तेवढा वेळ भरपूर आहे. ५५ हर्ट्झचा सॉ वेव्ह लावा, रेझोनन्स पाऊण, आणि कटऑफ सावकाश वरून खाली आणा. बेस किती जातो आणि कुठे जातो ते ऐका. मग नॉब न हलवता प्लगइनच्या आधीची पातळी १२ डेसिबलने कमी करा आणि प्लगइननंतर तेवढीच वाढवा. आवाज तसाच राहिला तर फिल्टर सरळ हिशेबाचा आहे. बदलला तर त्याला स्वभाव आहे, आणि आता तुम्हाला कळलं की त्याला किती पातळीवर खायला घालायचं. यात आवाजाची पातळी दरवेळी जुळवून घ्या. रेझोनन्स आणि ड्राइव्ह दोन्ही आवाज वाढवतात, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो.

नंतर रेझोनन्स शिट्टीपर्यंत नेऊन कटऑफ वरच्या टोकाला सरकवा. शिट्टी सरळ वर जायला हवी. वर जाताना भलतेच स्वर उलट दिशेने खाली येताना ऐकू आले तर ते अ‍ॅलिअसिंग आहे. ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे आतला हिशेब जास्त बारीक नमुन्यांवर करायची, सोय असेल तर ती वाढवून पाहा. जाईल, पण सीपीयू किती खातो ते त्याच वेळी बघा, कारण ट्रॅकमध्ये तो प्लगइन एकटा नसणार. शेवटी फिल्टर पूर्ण उघडा, ट्रॅकची नक्कल करून तिच्यावरचा प्लगइन काढा, लाइव्हच्या युटिलिटी डिव्हाइसमधून तिचा फेज उलटा करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे ऐकू येईल तेवढं प्लगइन ‘काहीच न करताना’ करतो आहे. बेसलाइनवर ते चालेल, मास्टर बसवर, म्हणजे सगळ्या मिक्सवर, चालणार नाही.

एक कामाची सवय लावून घ्या. फॉलोअर किंवा रँडम मॉड्युलेशन असलेला ट्रॅक पसंत पडला की त्याच वेळी ओव्हरसॅम्पलिंग वाढवून ऑडिओत उतरवून ठेवा, आणि मूळ ट्रॅक बंद करून प्रोजेक्टमध्ये राहू द्या. रँडम हालचाल पुढच्या एक्स्पोर्टला तशीच येत नाही. शिवाय हलगीच्या लूपची पातळी पुढे कधी फिल्टरच्या आधी जराही बदलली, तर फॉलोअरचा कटऑफ वेगळ्या ठिकाणी पोहोचतो आणि तुम्ही पसंत केलेला आवाज बदललेला असतो. त्यामुळे लूपची पातळी बदलायची असेल तर ती फिल्टरच्या आधी नको, नेहमी नंतर बदला.